उजव्या काखेतलं अवधाण

काखेत किंवा छातीत गाठ हाताला लागली आहे, आणि तरी हळद-चुन्याचा लेप लावून जी बाई घरात बसली आहे, तिच्यासाठी मी हे लिहिते आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर "किती गं धीराची तू" असं म्हणायला माझ्याकडे येऊ नका. मी धीराची नाही. मी चिडलेली आहे, आणि बरी झाले तरी चिडलेलीच आहे.

माझं नाव सुगंधा. आमचं गाव चिपळूण तालुक्यात, अलोऱ्याच्या जवळ. माझे मिस्टर तिथल्या एका शाळेत क्लार्क आहेत. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना सगळी वाडी आये म्हणते, म्हणून मीही आयेच म्हणते. आमच्या पडवीत आम्ही चौघी बायका जुन्या जीन्सच्या वाकळी शिवायचो. आम्ही वाकळ म्हणतो. गणपतीपुळ्याच्या दुकानात गेली की तिची गोधडी होते, आणि पर्यटक ती गाडीच्या डिकीत घालून नेतात.

जीन्सला आमच्याकडे तोटा नाही. घरटी एक तरी माणूस मुंबईला. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी येतात आणि येताना जुन्या जीन्सच्या पिशव्या आणतात. बुडावर विरलेल्या, गुडघ्यावर फाटलेल्या आणि सगळ्यात जास्त म्हणजे पोट सुटल्यामुळे न बसणाऱ्या. त्या उसवायच्या, चेन काढायची, तांब्याची बटणं पकडीने उपटायची. खिसे तेवढे जपून ठेवायचे, कारण पर्यटकांना खिसेवाली गोधडी आवडते. झोपेत खिशात काय ठेवतात ते त्यांचं त्यांना माहीत.

जीन्सची वाकळ म्हणजे लुगड्याची वाकळ नव्हे. वर जीन्स, आत जुनं लुगडं, खाली सुती साडी, आणि जिथे जीन्सची मूळ शिवण येते तिथे चांगली दाभणसुद्धा अडते. वरून सुई दाबायची, खाली बोट धरायचं, टोक बोटाला लागलं की परत वर वळवायचं. ते खालचं बोट टोचून घ्यायलाच असतं. आमच्या चौघींच्या बोटांना बघून कुणी लग्नाला पोरगी मागितली नसती.

पण ती पडवी माझी होती. घरात बाकी सगळीकडे मी सून होते, पडवीत नव्हते. कुठली जीन्स कुठे लावायची, निळ्याशेजारी काळी घ्यायची की राखाडी, हे तिथे मी ठरवायचे आणि तिघी ऐकायच्या. आजाराने ती पडवी जाते की राहते, यावर माझं सगळं आजारपण उभं राहिलं. मरणाची भीती होतीच. पण तिच्याबद्दल सगळेच लिहितात.

लेप

गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. आंघोळ करताना उजव्या काखेत गाठ लागली, सुपारीएवढी. दुपारी पडवीत मी रेखाला सांगितलं. रेखा खालच्या बौद्धवाडीतली. आम्हा चौघींत तिचा हात सर्वांत जलद आणि तोंड त्याहून जलद.

"अवदान आलाय गो तुला," ती मान वर न करता म्हणाली. "सुई टोचली असंल. सारखी टोचत्येच."

अवधाण माहीत नाही असं घर आमच्याकडे नाही. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, हाताला झाली की काखेत. जखम बरी झाली की गाठ जाते. आमची बोटं तर बारा महिने टोचलेली. त्यामुळे कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. आयेने हळद-चुना तापवून लेप लावला. गाठ गेली नाही तेव्हा मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. तरी गेली नाही तेव्हा म्हणाल्या, "बोट बरा व्हयला नको? तू परत सुई घेतंस, मंग परत अवदान येतंय." दोष सुईचा आणि सुई घेणारीचा.

अवधाण दुखतं. हात वर करवत नाही इतकं दुखतं. माझी गाठ दुखत नव्हती. हे मला ठाऊक होतं, आयेला ठाऊक होतं, आणि आमच्यापैकी कुणीही त्याचा अर्थ लावला नाही. उलट "दुखत नाही ना, मग कशाला डॉक्टर" असंच सगळ्यांचं म्हणणं. बाई, तू जर लेप लावून हे वाचत असशील तर इथेच थांब आणि उठ. न दुखणारी गाठ आधी दाखवायची असते. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते.

शिमग्याच्या आधी छातीतच दुसरी गाठ लागली. छातीला तर कुणी सुई टोचली नव्हती.

"काकू, तुम्ही जरा बाहेर बसा"

चिपळूणला तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला, आणि रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसले. गाठ माझी, छाती माझी, बाहेर मी. आत यांना सांगितलं गेलं. बाकावर शेजारी एक बाई तिच्या नातवाला बिस्किट भरवत होती आणि मी त्या बिस्किटाकडे बघत होते.

हे बाहेर आले आणि म्हणाले, "काही नाही, साधी गाठ आहे. मुंबईला एकदा दाखवून घेऊ." मग आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो आणि यांनी विचारलं, "तू काय घेणार?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला हॉटेलात हे कधी विचारलेलं नाही. दोन मिसळ सांगायची आणि माझी अर्धी उरली की तीही खायची, हा शिरस्ता. त्या दिवशी विचारलं, वर म्हणाले, "आइस्क्रीम खातेस का?" मला तिथेच कळलं. एसटीत बसल्यावर मी सरळ विचारलं, "कॅन्सर आहे ना?" यांनी रुमाल तोंडाला लावला. रडणाऱ्या माणसाच्या पाठीवरून मी घरापर्यंत हात फिरवत राहिले. माझ्या पाठीवर हात कोण ठेवणार होतं?

घरी पोचले तर आयेचे डोळे सुजलेले. हॉटेलात मी हात धुवायला गेले तेव्हाच यांनी फोन केला होता. विरारच्या मोठ्या दिरांना कळलं होतं, त्यांच्या शेजाऱ्यांना कळलं होतं. मला माझ्या आजाराची बातमी सगळ्यांच्या मागून मिळाली, तीही मी विचारली म्हणून. "तुला धक्का बसेल म्हणून," असं म्हणाले सगळे. मला धक्का बसायचा तो बसलाच. पण तो बसायला लागला तेव्हा मी एकटी होते, बाकावर, दुसऱ्याच्या नातवाकडे बघत.

डावा हात

ऑपरेशन मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात झालं. उजवी छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या. त्याचं वर्णन करत नाही, ते डॉक्टर सांगतील. मी सांगते ते असं, की नळी आणि बाटली गळ्यात अडकवून संडासला जाताना आपण भिकारी असल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं दोन दिवसांत जातं. सकाळी फरशी पुसणारी मावशी येते तेव्हा पाय वर घ्यायचे. नाश्त्याला उपमा. डॉक्टरांची फेरी आली की नातेवाईक बाहेर, आणि त्या वेळात जे विचारायचं ते धडाधड विचारून घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा.

शेजारच्या खाटेवर बुरोंडीच्या पार्वतीबाई होत्या. मासळी विकून आवाज असा झालेला की कुजबुजल्या तरी वॉर्ड ऐके. पहिल्या दिवशी मी चादर तोंडावर घेऊन रडत होते तर म्हणाल्या, "चादरीत कशाला रडत्येस? हितं कोण तुझी सासू बसल्येय? मोठ्यान रड." मी मोठ्याने रडले. मग त्यांनी मला त्यांच्या डब्यातलं सुकटाचं कालवण दिलं. आजारपणात मला मिळालेली सगळ्यात चांगली वागणूक तीच.

एका सकाळी सिस्टर सलाइन लावायला आली. उजव्या हाताला आता सुई लावायची नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही, अशी पाटीच खाटेवर लावलेली. म्हणून तिने डावा हात हातात घेतला आणि बोटं पाहून दचकली. पहिल्या दोन बोटांची टोकं काळी, घट्टे पडलेली, बारीक भोकांनी भरलेली.

"काकू, हे काय झालं? कुणी टोचलं?"

"मीच," मी म्हटलं. "मी जीन्सच्या गोधड्या शिवते. त्यात असंच होतं." आणि तिला समजावं म्हणून मी हॉस्पिटलच्या ब्लँकेटवर करून दाखवलं. "हे बघा, सुई असते उजव्या हातात. वरून दाबायची. आणि हा डावा हात खाली. सुईचं टोक लागतं ते डाव्या..."

मी ब्लँकेटखालचा हात बाहेर काढून बघितला.

सुई उजव्या हातात. टोचते डाव्या हाताला. म्हणजे टोचल्याचं अवधाण आलं असतं तर ते डाव्या काखेत आलं असतं. माझी गाठ उजव्या काखेत होती.

आम्ही चौघी आयुष्यभर सुई धरणाऱ्या बायका. आयेने चार मुलांची दुपटी शिवलेली. रोज डोळ्यांसमोर उजवा हात टोचत होता आणि डावा टोचून घेत होता. गणपतीपासून शिमग्यापर्यंत एकीच्याही डोक्यात आलं नाही की गाठ भलत्याच बाजूला आहे. माझ्याही नाही. मी एवढ्या जोरात "अगं बाई गं!" म्हटलं की सिस्टरला वाटलं तिचीच सुई चुकली. पार्वतीबाईंना सांगितलं तर त्या आधी हसल्या, मग शिवी दिली. कुणाला दिली ते कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

आता हे वाचून कुणी असं समजू नका की डाव्या बाजूला गाठ आली तर लेप चालेल. बाजू कुठलीही असो, डॉक्टरकडे जायचं. मी बाजूचं सांगते ते एवढ्यासाठी, की एकदा सगळ्यांनी मिळून "अवधाण" म्हटलं की कुणी नीट बघतसुद्धा नाही.

डॉक्टरबाई काय म्हणाल्या

घरी सोडायच्या आधी डॉक्टरबाईंनी हाताचं सांगितलं. गाठी काढल्यामुळे उजवा हात सुजू शकतो. जड उचलायचं नाही, कापू-भाजू द्यायचं नाही, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज करायचा. मी दोन प्रश्न विचारले. मिस्टर माझ्या शेजारीच उभे होते.

"जुन्या जीन्सनी, लोकांच्या वापरलेल्या कपड्यांनी हे होतं का?"

"छे, नाही हो. कोणी सांगितलं?"

"मग मी परत शिवू का?"

"जखम भरली की शिवा. थोडं थोडं. अंगुस्तान घाला, आणि हात सुजला किंवा दुखला तर थांबा."

दोन्ही उत्तरं यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

बरं होण्याच्या आधीचं

केमोचे महिने विरारला दिरांच्या घरी काढले. हे शाळेमुळे गावी, शनिवार-रविवार यायचे. केस गेले, तोंडाची चव गेली, पाण्यालाही लोखंडाचा वास यायचा. जाऊबाईंनी मनापासून केलं, खोटं बोलणार नाही. पण बघायला येणाऱ्यांचा मला वीट आला. एक म्हणे गव्हांकुराचा रस घ्या, दुसरी म्हणे मनातला राग काढून टाका, रागानेच गाठी होतात. मी म्हटलं, तसं असतं तर आता मला डोक्यापासून पायापर्यंत गाठी व्हायला हव्यात. ती परत आली नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. रेखाचा फोन आला नाही. ऑपरेशनपर्यंत रोज करायची, मग अचानक बंद. मला वाटलं घाबरली असेल, लागण होते असं कुणी सांगितलं असेल. मीही केला नाही. आजारी माणसाला अभिमान नसतो असं कोण म्हणतं?

दुपारी उलटी थांबली की मी मनातल्या मनात पडवीत जायचे. एक वाकळ अर्धी ठेवून आले होते, मधोमध फिकट निळी आणि कडेने गडद होत जाणारी. तिला कड कुठली लावायची याचा विचार करत मी कितीतरी दुपारी काढल्या. बरं होऊन काय करायचंय, असं कुणी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

भाजावळ

श्रावणात घरी आले. पडवी सारवलेली, स्वच्छ. जिथे जीन्सचा ढीग असायचा तिथे खाट, खाटेवर फुलाफुलांची नवी चादर.

"तुला उजेड राहील, वारा लागेल," हे म्हणाले. तोंडावर मोठं काम केल्याचा आनंद.

"जीन्स कुठे आहेत?"

"ते आता सोड ना."

"कुठे आहेत?"

उत्तर आयेने दिलं. "भाजावळीत घातलान."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भाताचं बी पेरायच्या आधी आमच्याकडे शेतातल्या त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, छाटलेल्या फांद्यांची कवळं रचून जमीन भाजतात. तिला भाजावळ म्हणतात. यांनी माझ्या सगळ्या जीन्स, उसवलेल्या, न उसवलेल्या, खिशांची पिशवी आणि ती अर्धी वाकळ नेऊन भाजावळीत घातली. मी केमोची खुर्ची धरून बसले होते तेव्हा. जीन्स चटकन जळतही नाही, दोन दिवस धुमसत होती म्हणे. लावणीच्या वेळी चिखलात बायकांच्या पायाला चेनी आणि बटणं लागत होती.

"परक्या माणसांचे कपडे, कुणाची काय पीडा असते," आये म्हणाल्या.

"आणि डॉक्टरांनीच सांगितलंय हाताला जप म्हणून," हे म्हणाले. "तुझ्यासाठीच केलं ना सगळं! ढीग समोर दिसला असता तर तू बसली असतीस शिवत. मी ओळखतो तुला."

मी तशीच चपला घालून रेखाच्या घरी गेले. अंगात त्राण नव्हतं, वाटेत दोनदा दगडी गडग्यावर बसले. रेखा दारात उभी होती. मला बघून रडली नाही, हसली नाही.

"आता कशाला आलंस?" ती म्हणाली.

"तू फोन का केला नाहीस?"

"तूच निरोप धाडलास ना? भावजी आले होते. म्हणाले, सुगंधानं सांगितलान, सगळा जाळून टाका, आणि रेखाला सांगा ह्यापुढं पडवीत येऊ नको. मी काय करणार? मला वाटला, आजाराच्या निमित्तानं तुमच्या घरानं मला भायेर काढलान. आजारी माणसाशी फोनवर भांडू?"

तिचं दुःख मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आमच्या वाडीतून तिला "येऊ नको" म्हणणं याचा अर्थ काय होतो, ते तिला सांगावं लागत नाही आणि मलाही. तोच शब्द माझ्या नावाने तिच्या दारात टाकला होता.

जीन्स जाळल्या याचा राग मी कदाचित गिळला असता. माझ्या तोंडचा नसलेला शब्द माझ्या तोंडी घातला, तो मी गिळणार नव्हते.

फुलाफुलांची चादर

घरी आले. खाटेवरची नवी चादर काढली, घडी घालत घालत आठ पदरी केली, फडताळातली दाभण आणि दोरा काढला आणि यांच्या हातात दिलं.

"शिवा."

"काय?"

"शिवा म्हणते. एक टाका घाला."

आये चुलीपाशी होत्या, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हे आधी हसले, मग माझं तोंड बघून खाली बसले. उजव्या हातात दाभण धरली, डावा हात खाली घातला, जोर केला. दाभण पहिल्यांदा आत जाईना, मग एकदम गेली.

"आई गं!"

"कुठं लागलं?"

"बोटाला. दिसत नाही का?"

"कुठल्या हाताच्या?"

"डाव्या."

"आता ह्याचं अवधाण आलं तर कुठल्या काखेत येईल?"

यांनी बोट तोंडात घातलं होतं, ते तसंच राहिलं. उत्तर परत आयेनेच दिलं, हळूच. "डाव्या." मग त्या माझ्या उजव्या बाजूकडे बघत राहिल्या, जिथे आता काही नाही. आणि खाली बसल्या. "मी लेप लावलंव गो," त्या म्हणाल्या. "रोज लावलंव. मला कसा नाय कळला?"

त्यांच्यावरचा माझा अर्धा राग तिथे उतरला. अर्धा अजून आहे.

यांना मी म्हटलं, "सुईने मला काही झालं नव्हतं. डॉक्टरबाई तुमच्यासमोर बोलल्या. तुम्हाला 'जपा' एवढंच ऐकू आलं, 'शिवा' ऐकू आलं नाही."

"बरं, चुकलो. झालं?"

"नाही झालं. माझ्यापाशी चुकलो म्हणून काय उपयोग? जिच्या दारात खोटं बोललात तिच्या दारात जा. आणि माझं नाव घ्यायचं नाही. 'मी जाळल्या, मी खोटं सांगितलं', असं म्हणायचं."

हे रात्री जेवले नाहीत. मी जेवले, पोटभर. केमोनंतर पहिल्यांदा भाताला भाताची चव लागली.

त्यांनी केलं ते

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर हे खालच्या वाडीत गेले. मी बरोबर गेले, पण अंगणातच थांबले. इतकी वर्षं रेखा आमच्या पडवीत बसली, पण हे तिच्या घरात कधी गेलेले नव्हते. तिने आत बोलावलं, चहा केला. कप हातात धरून हे जे बोलायचं ते बोलले. आवाज इतका बारीक की रेखा म्हणाली, "भावजी, मोठ्यानं बोला. त्या दिवशी सगळ्या वाडीला ऐकू गेला होता." मग मोठ्याने बोलले.

रेखा लगेच विरघळली नाही, आणि मला ते आवडलं. ती म्हणाली, "बरा. ऐकला मी." एवढंच. चार दिवसांनी ती पडवीत आली, हातात कात्री आणि तिच्या धाकट्या दिराची जीन्स. खाट आम्ही दोघींनी मिळून उचलून मागच्या खोलीत नेली. म्हणजे तिने उचलली; मी उजव्या हाताला जपत नुसती पुढे चालले आणि "हळू, हळू" म्हटलं.

पण बाकीच्या दोघी येईनात. त्यांच्या घरी ठरलं होतं की जीन्सनी कॅन्सर होतो. मुंबईपर्यंत तेच गेलं होतं. गणपतीला चाकरमानी आले तर एकाही घरातून पिशवी आली नाही. कापडच नसेल तर मी काय शिवणार? घरी आरतीला सगळी वाडी जमली तेव्हा मी यांच्याकडे बघितलं. यांनी सुरुवात केली, "ते जीन्सचं जे झालं..." आणि घसा खाकरत बसले. पोरं हसायला लागली.

तेव्हा आये उठल्या. एवढ्या माणसांत त्या कधी बोलत नाहीत.

"माझ्या पोरान जाळलान," त्या म्हणाल्या. "तिचा शबूद नव्हता तो. आणि जीन्सनी काय व्हत नाय. मी अवदान म्हणून लेप लावलंव, तेच्यात दिवस गेले. कोणाच्या बायकोला, सुनेला गाठ आली तर डाक्टरकडं न्या, मला इचारायला येव नका." मग यांच्याकडे वळल्या. "प्रसाद वाट आता."

दुसऱ्या दिवशी तीन पिशव्या आल्या.

मी आता शिवते. सकाळी थोडा वेळ, अंगुस्तान घालून, उजवा हात उशीवर टेकवून. जिथे चार पदर येतात तिथली सुई रेखा ओढते. छातीच्या जागी ओढ बसते, तपासणीची तारीख आली की रात्री उठून काख चाचपते, आणि ती सवय कधी जाईल असं वाटत नाही. हे रोज शाळेतून आले की विचारतात, "हात सुजला का?" चांगुलपणानेच विचारतात. परवा मी शिवत असताना त्यांनी येऊन माझ्या मांडीवरची वाकळ उचलली आणि म्हणाले, "पुरे आता, दुखेल."

मी वाकळ त्यांच्या हातातून परत घेतली. हात खरंच दुखत होता. मी आणखी चार टाके घातले, दोरा तोडला आणि मग थांबले.